मोतीबिंदूनंतरचें मालवण

सांगलीहून मालवणास जावयाचें म्हणजे कोल्हापूर, राधानगरी, दाजीपूर असें करीत फोंडा घाट उतरावयाचा आणि कणकवलीवरून समुद्राच्या रोखानें वळावयाचें. घाट उतरूं लागलें कीं हवा एकाएकीं जड होते. उसाचीं शेतें केव्हांच मागें राहिलेलीं असतात आणि काजू, फणस, सुपारी यांचीं झाडें रस्त्याच्या दोहों बाजूंस दाटी करूं लागतात. परंतु रस्त्याचें वर्णन करणें हा या लेखाचा हेतु नाहीं. मालवणच्या समुद्राच्या पृष्ठभागाखालीं आम्ही दोन वेळां उतरलों. एकदां सन २०२२ मध्यें व दुसऱ्यांदा सन २०२५ च्या फेब्रुवारींत. आणि त्या दोहोंच्या मध्यें आमच्या दोन्ही डोळ्यांतील मोतीबिंदु काढण्यांत आले. ज्या घरांत कोणी ना कोणी वडील माणूस साठीच्या आसपास आहे, त्या घरांत मोतीबिंदूची गोष्ट आज ना उद्यां निघणारच. समुद्रांत उतरण्याची गोष्ट निघेलच असें नाहीं. पण नातवंडें हल्लीं काय काय सुचवितात हें आम्ही पाहत आहों.

मालवणचा समुद्र दिसावयास सौम्य, पण अंतरीं खडकाळ आहे. शिवछत्रपतींनीं सन १६६४ मध्यें कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला व सन १६६७ मध्यें किल्ला पुरा झाला. वाट ठाऊक नसलेल्या गलबतानें येथें शिरणें म्हणजे आपला तळ आपण फाडून घेणें. ज्या खडकांनीं शत्रूस दूर ठेवलें त्यांच्याच अंगावर प्रवाळ वाढला, प्रवाळाच्या आश्रयास मासे आले, आणि आतां त्या माशांच्या दर्शनास आमच्यासारखी घाटावरील मंडळी येतात. सन १९८७ मध्यें येथील २९.१२ चौरस किलोमीटर प्रदेश सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. पावसाळ्यांत येथील समुद्र कोणास जवळ येऊं देत नाहीं; दसरा-दिवाळीनंतर पाणी निवळूं लागतें आणि मे महिन्यापर्यंत दांडीच्या व चिवल्याच्या किनाऱ्यावरून होड्या माणसें भरून जात असतात. पलीकडे तारकर्लीस महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची पाण्याखालीं उतरण्याचें शास्त्रशुद्ध शिक्षण देणारी संस्थाहि आहे.

ज्या साधनानें हें उतरणें होतें त्यास सर्वत्र स्कूबा म्हणतात. सन १९४३ मध्यें फ्रान्स देशांत कुस्तो आणि गान्यां या दोघांनीं तें सिद्ध केलें. पाठीवरच्या नळकांड्यांत प्राणवायु भरलेला असतो अशी पुष्कळांची समजूत आहे, आमचीहि होती. वस्तुतः ती आपली नेहमींचीच हवा, दाबून भरलेली. तोंडांत एक रबरी बोंडी धरावयाची आणि तोंडानेंच श्वास घ्यावयाचा. नाक मुखवट्याच्या आंत झांकलेलें असतें. प्राणायामाच्या वेळीं जें नाक आम्हीं चाळीस वर्षें कामास लावलें, तें येथें अगदीं निरुपयोगी असें प्रथम वाटतें. पण तें तसें नाहीं, हें पुढें येईलच.

सन २०२२ मध्यें आमच्या पुतण्याच्या आग्रहानें आम्ही पहिल्यानें उतरलों. खालीं बोलतां येत नाहीं म्हणून होडीवरच चार खुणा शिकवितात. अंगठा व तर्जनी यांचें वर्तुळ म्हणजे ठीक आहे. अंगठा वर केला तर वर चला. आमच्या लहानपणीं अंगठा दाखविणें म्हणजे ठेंगा दाखविणें होतें, आणि आमच्या विद्यार्थ्यांच्या काळीं त्याचा अर्थ शाबास असा झाला. त्यामुळें मासे पाहून आनंदानें शाबास म्हणूं गेलेला मनुष्य वरचेवर पाण्याबाहेर काढला जातो. त्या खेपेस आम्ही पंधरा मिनिटें खालीं होतों. मासे पाहिले, प्रवाळ पाहिले. पण सगळें कसें कोऱ्या चहांत बुडविल्यासारखें दिसलें. पुतण्या वर येऊन निळ्या-हिरव्या रंगाचें वर्णन करीत होता, तें तारुण्यांतील अतिशयोक्तीचें उदाहरण म्हणून आम्हीं ऐकून घेतलें. समुद्र तसाच असावा असें आम्हांस वाटलें.

पुढील दोन वर्षांत समोरून येणाऱ्या मोटारींच्या दिव्यांभोंवतीं किरणांचीं वलयें दिसूं लागलीं, तेव्हां कारण समजलें. डोळ्यांतील जें नैसर्गिक भिंग, तें वयाबरोबर गढूळ होतें. आणि कित्येकांचें गढूळ होण्याबरोबर पिवळें, मग तपकिरी होतें. पिवळ्या कांचेंतून निळा रंग पार होत नाहीं. हा फरक इतका हळूहळू होतो कीं ज्याचा डोळा त्यालाच तो कळत नाहीं. क्लोद मोने हा फ्रेंच चित्रकार वृद्धपणीं याच विकारानें ग्रासला होता. सन १९२३ मध्यें त्याच्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली, आणि तत्पूर्वींच्या त्याच्या कांहीं चित्रांत तांबडा-पिवळा रंग किती चढला आहे हें पाहणाऱ्यास आजहि दिसतें.

या विकाराचा आमच्या देशाशीं जुना संबंध आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत कफज लिंगनाशाचा शस्त्रोपचार सांगितला आहे. जवाच्या आकाराचें टोंक असलेली शलाका डोळ्यांत घालून दृष्टीच्या आड आलेला पदार्थ बाजूस सारावयाचा. पदार्थ बाहेर काढीत नसत, केवळ दूर करीत. आणि आंधळ्यास निदान अंधुक तरी दिसूं लागे. हा भाग आम्हीं पूर्वीं वाचला होता, पण या खेपेस पुन्हा काढून वाचला तेव्हां लक्ष गेलें तें शस्त्राकडे नव्हे, पथ्याकडे. रोग्यानें उताणें निजावें. ढेंकर, खोकला, शिंक, थुंकणें व अंग हलविणें वर्ज्य करावें. दर तीन दिवसांनीं डोळा काढ्यानें धुवावा. असे दहा दिवस काढावे. शिंक वर्ज्य करावी हें लिहिणें सोपें आहे. परंतु ज्या ग्रंथकारास शिंकेचें भय ठाऊक होतें, त्यास डोळ्यांतील दाबाचेंहि कांहीं ज्ञान असलेंच पाहिजे असें आमचें मत आहे.

आमच्या आजीची शस्त्रक्रिया आम्ही लहान असतां झाली, ती आम्हांस चांगली आठवते. तिच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंस वाळूच्या पिशव्या ठेवून तिला कित्येक दिवस निश्चल निजविलें होतें. म्हणजे सुश्रुताचें उताणें निजणें तेव्हांपर्यंत चालूच होतें. त्या काळीं भिंग काढून टाकीत, त्या जागीं दुसरें घालीत नसत. त्याच्या बदली सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडाएवढ्या जाड कांचेचा चष्मा मिळे. त्या चष्म्यांतून प्रत्येक वस्तु मोठी आणि जवळ दिसे. आजी फुलपात्र देव्हाऱ्याच्या पाटावर ठेवूं जाई आणि तें पाटाच्या अलीकडेच हवेंत ठेवलें जाऊन खणकन् खालीं पडे. आम्ही मुलें हंसत असूं. आई आम्हांस रागें भरे, पण आजी स्वतः कधीं रागावली नाहीं. तिला नातवंडांचीं तोंडें दिसत होतीं एवढें तिला पुरेसें होतें.

काढलेल्या भिंगाच्या जागीं नवें भिंग बसविण्याची कल्पना हॅरल्ड रिडली या इंग्रज नेत्रवैद्याची. दुसऱ्या महायुद्धांत विमानाच्या छताच्या ॲक्रिलिकचे तुकडे कांहीं वैमानिकांच्या डोळ्यांत शिरले होते, आणि ते तेथें राहूनहि डोळा सुजत नाहीं हें त्याच्या ध्यानांत आलें. सन १९४९ मध्यें लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयांत त्यानें तसल्या पदार्थाचें भिंग प्रथम बसविलें. त्याच्या व्यवसायबंधूंनीं त्यास पुष्कळ वर्षें विरोध केला. पुढें सन १९६७ मध्यें अमेरिकेंत चार्ल्स केलमन यानें श्रवणातीत ध्वनिलहरींनीं भिंग आंतल्या आंत फोडून शोषून घेण्याची रीत काढली. तिची सूचना त्यास दांतांच्या वैद्याच्या उपकरणावरून मिळाली. या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणून आज दोन-तीन मिलिमीटरच्या छेदांतून, बहुधा टांका न घालतां, घडी केलेलें भिंग आंत जातें आणि तेथें उलगडतें. आमची शस्त्रक्रिया वीस मिनिटांच्या आंत झाली. चहा घेऊन त्याच दिवशीं घरीं आलों. आजीच्या वाळूच्या पिशव्या आठवून आम्हांस जवळजवळ ओशाळल्यासारखें झालें.

उजवा डोळा सन २०२४ च्या आगस्टांत व डावा आक्टोबरांत झाला. मधल्या दोन महिन्यांत आम्हांस एक खेळच सांपडला होता. दोरीवर वाळत घातलेलें धोतर उजव्या डोळ्यानें पाहिलें तर पांढरें शुभ्र, डाव्यानें पाहिलें तर चहाचा डाग सर्वत्र पसरल्यासारखें. आमच्या कुटुंबानें तीस वर्षें त्या धोतरांस नीळ घातली, आणि अलीकडे धोतर स्वच्छ निघत नाहीं अशी तक्रार आम्ही करीत होतों. या विषयावर घरांत जें बोलणें झालें तें येथें देत नाहीं.

शस्त्रक्रियेहून तिच्यानंतरचे दिवस घरच्यांस अधिक जड जातात. थेंब वेळच्या वेळीं घालणें, रात्रीं डोळ्यावर जाळीदार ढाल बांधून निजणें, त्या कुशीवर न वळणें, खालीं वांकून जड वस्तु न उचलणें, आणि मुख्य म्हणजे डोळ्यांत पाणी न जाऊं देणें. डाव्या डोळ्यानंतर दोन-तीन आठवड्यांनींच दिवाळी आली. जन्मांत पहिल्यानें नरकचतुर्दशीचें अभ्यंगस्नान गळ्यापासून खालीं झालें. डोकें कुटुंबानें ओल्या फडक्यानें पुसून दिलें, आणि वडील बंधु अण्णा यांनीं त्यावर शास्त्राधार काढून दिला. एकत्र कुटुंबाचा एक मोठा फायदा असा कीं थेंबांची आठवण करून देणारीं माणसें पुष्कळ असतात. तोटा असा कीं एकच थेंब तीन माणसें घालूं येतात. आमच्या धाकट्या सुनेनें भिंतीवर कोष्टक लावून त्यावर खुणा करण्याची पद्धत पाडली, ती आम्ही सर्वांस सुचवितों.

डिसेंबरांत तपासणीस गेलों तेव्हां आम्हीं समुद्राची गोष्ट काढली. कुटुंब बरोबर होतें. तें म्हणालें, "अहो, डोळा म्हणजे काय खेळणें आहे? एवढे पैसे, एवढे हाल, आणि आतां खारें पाणी!" त्या बोलण्यांत भय होतें, आणि भय अकारण नव्हतें. डोळे गेले तर ते एकट्या आमचे जात नाहींत. ज्यानें हात धरून नेलें पाहिजे त्याचेंहि निम्में आयुष्य जातें. आजीला हात धरून नेणारी आमची आई होती, तें आम्हीं पाहिलें आहे. म्हणून डॉक्टरीणबाई नको म्हणाल्या असत्या तर तेथेंच विषय संपला असता.

त्या नको म्हणाल्या नाहींत. त्यांनीं समजावून सांगितलें तें असें. पाण्याखालीं दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, पण डोळा आंतून द्रवानें भरलेला आहे आणि द्रव दाबानें आक्रसत नाहीं. त्यामुळें खोल पाण्याच्या दाबानें नवें भिंग सरकेल ही भीति व्यर्थ. भय आहे तें दोन गोष्टींचें. एक जंतूंचें, छेद पुरता भरून येण्यापूर्वीं समुद्राचें, नदीचें वा तलावाचें पाणी डोळ्यांत जाऊं नये. दुसरें मुखवट्याचें. मुखवट्यांत हवा असते, आणि हवा मात्र दाबानें आक्रसते. खालीं जातांना नाकानें थोडी हवा मुखवट्यांत सोडली नाहीं तर तो डोळ्यांस तुंबडीसारखा ओढूं लागतो. निरोगी डोळ्यांतहि रक्त उतरतें, मग नुकत्या भरलेल्या छेदाचें काय? येथें त्या निरुपयोगी वाटलेल्या नाकाचा उपयोग. पोहण्याचे जे लहान चष्मे असतात त्यांत नाक बाहेर राहतें, म्हणून ते घालून खोल बुडी कधींच मारूं नये. किती थांबावें हें छेद कोठें व कसा घेतला यावर अवलंबून असतें. एक महिन्यापासून तीन महिन्यांपर्यंत मुदती सांगतात. पाणबुड्यांच्या आंतरराष्ट्रीय आरोग्य-प्रपत्रांत तीन महिन्यांच्या आंत डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आहे काय, असा स्पष्ट प्रश्न आहे. ज्यांच्या डोळ्याच्या पडद्यासाठीं आंत वायु भरला असेल त्यांनीं मात्र तो वायु पूर्ण जाईपर्यंत समुद्राचें नांवहि घेऊं नये, कारण तो वायु दाबानें आक्रसतो व फुगतो. आमच्या डोळ्यांत तसें कांहीं नव्हतें. "चार महिने होऊं द्या, मग पुन्हा दाखवा," असें म्हणून त्यांनीं आम्हांस निरोप दिला, आणि फेब्रुवारींत पुन्हा तपासून दाखला लिहून दिला.

दाखला घेऊन आम्ही मालवणास गेलों. कुटुंबहि आलें, "किनाऱ्यावर तरी बसेन" असें त्याचें म्हणणें. पहिल्या ठिकाणीं आम्हीं दाखला पुढें केला तर तेथील मनुष्यानें तो पाहिलाहि नाहीं. "सही करा, होडी सुटते आहे," एवढेंच तो म्हणाला. प्रपत्र होतें, पण तें वाचावयाचें असतें अशी कल्पना त्यास नसावी. आणि खरें सांगावयाचें तर त्याच्यापुढें उभ्या असलेल्या वीस गिऱ्हाइकांसहि नव्हती. आम्ही तेथून निघालों. हा धंदा मालवणांतील कित्येक कोळ्यांच्या व गाबतांच्या मुलांस पोटाशीं लावून राहिला आहे आणि त्यांतील बहुतेक मुलें पाण्यांत माशांइतकीं चतुर आहेत. परंतु गर्दीच्या दिवसांत चतुराई घाईला बळी पडते. दुसऱ्या ठिकाणीं एका पंचविशीतल्या तरुणानें दाखला दोनदां वाचला, शस्त्रक्रियेच्या तारखा विचारल्या, बोटांवर महिने मोजले, आणि मग नाकानें हवा सोडण्याचा पाठ आमच्याकडून कमरेइतक्या पाण्यांत पांच वेळां करून घेतला. आम्ही चाळीस वर्षें शिकविण्याचें काम केलें. चांगला शिक्षक ओळखूं येतो. शेवटीं तो कुटुंबाकडे वळून म्हणाला, "काकीनू, घाबरा नकात. काय एक होवचा नाय. माका त्यांचो हात सोडूचो नाय." त्यानें तो सोडला नाहीं.

खोली सहा-सात मीटर होती. सावकाश, शिडीच्या दोरास धरून, दर हाताला थांबून, नाकानें हवा सोडीत उतरलों. प्रथम लक्ष सगळें डोळ्यांकडे. ओढ लागते कीं काय, दुखतें कीं काय. कांहीं झालें नाहीं. मग वर पाहिलें.

निळें! मालवणचें पाणी कांहीं लक्षद्वीपच्या पाण्यासारखें नितळ नसतें, त्यांत हिरवट झांक असते आणि भरती-ओहोटीप्रमाणें तें बदलतें. तेव्हां दोन खेपांमधील सगळा फरक डोळ्यांच्या खात्यावर मांडणें शास्त्रास धरून होणार नाहीं. पण पुष्कळसा मांडावाच लागेल. तीन वर्षांपूर्वीं ज्या पाण्यास आम्हीं कोरा चहा म्हटलें, तें मोरपिसाच्या कडेसारखें दिसत होतें. पिवळ्या अंगावर काळ्या उभ्या पट्ट्यांचे मासे आमच्या कोपरापाशीं घोळक्यानें आले, आणि त्यांच्या पाठीवर निळसर चंदेरी छटा आहे हें आम्हांस पहिल्यानेंच कळलें. त्याहून चमत्कार दुसराच. आमच्या गुरूच्या हातांत लाल हातमोजा होता. होडीवर तो कुंकवासारखा लाल होता, खालीं तो विटकरी, जवळजवळ तपकिरी झाला होता. पाणी तांबड्या किरणांस आधीं गिळतें. म्हणजे मोतीबिंदूनें आमचा निळा नेला होता आणि समुद्र तांबडा नेत होता. पहिल्या खेपेस दोन्ही चाळण्या एकदम लागल्या होत्या. मधें जें उरलें तोच तो चहा.

आणखी एक गोष्ट. हात पुढें करून एका शिंपल्यास स्पर्श करूं गेलों तों बोटें अलीकडेच पाण्यांत राहिलीं. पाण्यांतून मुखवट्याच्या हवेंत येतांना किरण वांकतात, म्हणून खालीं प्रत्येक वस्तु पाऊण अंतरावर आणि एक-तृतीयांशानें मोठी दिसते. शिंपला आम्हीं दोनदां चुकविला. आजीचें फुलपात्र! तोंडांत बोंडी असल्यामुळें हंसतां येईना, पण छातींतून आलेले बुडबुडे इतके निघाले कीं गुरूनें काळजीनें वर्तुळाची खूण करून विचारलें. आम्हीं वर्तुळानेंच उत्तर दिलें. मनगटावरचें घड्याळ मात्र दिसलें नाहीं, कारण आमचीं नवीं भिंगें दूरच्यासाठीं आहेत आणि वाचण्याचा चष्मा समुद्रांत नेण्याची सोय नाहीं. वर आल्यावर कळलें कीं अठरा मिनिटें झालीं होतीं. प्रवाळांपैकीं कांहीं पांढरे पडलेले होते. पाणी नेहमींपेक्षां तापलें म्हणजे प्रवाळ आपल्या अंगांतील सूक्ष्म शेवाळ टाकतो व निस्तेज होतो. जुन्या डोळ्यांनीं हेंहि आम्हांस पिवळेंच दिसलें असतें.

दुपारीं होडीनें दोघेंहि सिंधुदुर्गास गेलों. द्वार अगदीं जवळ जाईपर्यंत दिसत नाहीं अशी त्याची रचना आहे. चोहोंकडे खारें पाणी असतां दूधबाव, दहीबाव व साखरबाव या आंतल्या विहिरींना गोडें पाणी आहे. कुटुंबानें दूधबावीचें पाणी ओंजळीनें घेऊन पाहिलें व तें नांवास शोभतें असा निर्वाळा दिला. शिवराजेश्वराच्या मंदिरांत दर्शन घेतलें. महाराजांच्या हाताचा व पावलाचा ठसा म्हणून जो दाखवितात तो पूर्वीं आम्हीं दुसऱ्यांच्या सांगण्यावरून पाहिला होता. या खेपेस बोटें मोजलीं. तटावर वारा फार होता, डोळ्यांस थोडें चुरचुरलें, तेव्हां तेथेंच बसून कुटुंबानें पिशवींतून थेंबांची बाटली काढली. कोष्टक सांगलीस राहिलें होतें, पण वेळ तिला पाठ होती.

सायंकाळीं एस.टी.च्या स्थानकावर कोल्हापूरच्या गाडीस उशीर होता. सामान बांकावर ठेवून आम्ही उभे राहिलों. दोन गाड्या आल्या आणि गेल्या. तिसरी वळणावर दिसली तेव्हां कुटुंब चष्मा पुसूं लागलें होतें. तिची पाटी आम्हीं आधीं वाचली, आणि पिशव्या उचलल्या.